ताईच्या दाराचं यंत्र

वसई,
१० जानेवारी १९९९

।। श्री ।।

चि. जयवंत यास यमुताईचे अ. उ. आ.

अक्षर बघून पत्र कुणा बालवाडीतल्या पोराने लिहिलंय असं वाटेल, पण मीच लिहिते आहे. पेन मुठीत धरावं लागतं. वर्षानुवर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर मांडून बसले, वकील मजकूर सांगून दमायचे पण माझी बोटं दमायची नाहीत. आणि आता या एका पानाला दोन दुपारी लागतायत. ज्ञानदाने मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मानेतली नस दबली आहे म्हणे, सावकाश सुटेल. तू उगाच ब्लडप्रेशर वाढवून घेऊ नकोस.

लिहायला कारण दुसरंच आहे. ज्ञानदा सकाळी मुंबईला कामाला जाताना दार बाहेरून ओढून घेते. आतून लॅचचा खटका मला फिरवता येत नाही, दोन्ही हात लावले तरी नाही. एक किल्ली शेजारच्या मार्गारेटकडे असते. ती दुपारी येते आणि मला भरवून जाते. मागच्या आठवड्यात ती अर्नाळ्याला मयताला गेली होती आणि नेमका त्याच दिवशी जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. सगळी बिल्डिंग अंगणात जमली. धूर दाराखालच्या फटीतून आत येत होता आणि मी आत उभी, खटक्यावर मनगटं टेकून. हाका मारल्या, पण बाहेरच्या गलक्यात कुणाला ऐकू जाईना. दार बंद बघून आमच्या घरी कोणी नाही असंच सगळ्यांनी धरलं. मग कुणीतरी वाळूची बादली ओतली आणि पेटी विझली. एवढंच झालं. मार्गारेट आल्यावर तिला सांगितलं की कांद्याने डोळे लाल झालेत. तिने विचारलं की कांदा कुणी चिरला.

ज्ञानदाला दुसऱ्या दिवशी कळलंच. नोकरी सोडते म्हणाली. जयू, तिने नोकरी सोडली तर तिच्या हातून आणखीही पुष्कळ सुटेल. संकेत तिच्याच ऑफिसातला, आता बदली होऊन नाशिकला गेलाय. मुलगा भला आहे. लग्नाची तारीख कधी काढायची म्हणून त्याच्या आईने परत परत विचारलं, आणि ही दरवेळी म्हणते की आईला बरं वाटू दे.

तू तिकडच्या इस्पितळात आपोआप उघडणारी दारं सांभाळतोस ना. तसं एखादं यंत्र माझ्या दाराला बसेल का? बटण दाबलं की दार उघडावं, बाकी काही नको. मग किल्ली न देता दिवसभराची बाई ठेवता येईल, चार जणांकडे किल्ल्या वाटाव्या लागणार नाहीत, आणि माझी मुलगी आईला कोंडून ठेवल्यासारखं तोंड करून कामाला जाणार नाही. आमच्याकडे वीज तासन् तास जाते, हे लक्षात ठेव.

वहिनीची आणि मुलांची खुशाली कळव. ताईला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
यमुताई


मस्कत,
२ फेब्रुवारी १९९९

ती. यमुताईस जयवंतचा शि. सा. न. वि. वि.

लहानपणी मी खेळून उशिरा आलो की दार न उघडता आतून मला तेविसाचा पाढा म्हणायला लावणारी तूच. आता दार उघडायला माझ्याकडेच अर्ज करतेस. पाढा म्हणून दाखवलास तर अर्जाचा विचार करू, असं इथे तुझ्या वहिनीचं मत पडलं.

चेष्टा पुरे. तुला हवं तसं यंत्र आहे. आमची मोठी दारं विजेवर चालतात, ती तुझ्या उपयोगाची नाहीत. पण घरच्या दारासाठी सेलवर चालणारं एक येतं. एक लांबट पेटी चौकटीच्या वर बसवायची. तिला कोपरात दुमडणारा हात असतो, तो दाराला जोडायचा. बटण सुटं असतं, गळ्यात अडकवता येतं, वायर लागत नाही. वीज गेली तरी दार उघडेल. मी इथल्या दुकानदाराला सांगून ठेवलं आहे. ज्ञानदाला म्हणावं, दाराची रुंदी, बिजागऱ्या कुठल्या बाजूला, आणि चौकटीच्या वर किती जागा आहे ते मोजून कळव.

सोबत ज्ञानदासाठी वेगळी घडी आहे. तिच्यात लग्नाबद्दल कानउघाडणी केली आहे, तेव्हा तू ती वाचू नकोस.

धूर आला त्या दिवसाचं तू हसत लिहिलंस, मी काही हसत वाचलं नाही. बाकी आम्ही सगळे ठीक. आशीर्वाद पाठवत जा, ते इकडे दुकानात मिळत नाहीत.

तुझा,
जयवंत


मुंबई,
२२ फेब्रुवारी १९९९

ती. जयवंतमामा यांस ज्ञानदाचा शि. सा. न.

हे पत्र ऑफिसातून लिहिते आहे, म्हणजे आईच्या नजरेस पडणार नाही. तुम्ही घडीत एकच ओळ लिहिलीत, की डॉक्टर खरं काय म्हणाले. म्हणून तुम्हाला सांगते.

नस दबलेली नाही. डॉक्टरांनी आईला आत बसवून मला बाहेर बोलावलं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या पेशीच मरत चालल्या आहेत. औषध नाही. आधी हात, मग पाय, मग बोलणं आणि गिळणं, आणि शेवटी श्वास. किती दिवस ते कुणालाच सांगता येत नाही. बुद्धी, कान आणि डोळे मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतील, असं ते म्हणाले. हे त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं.

आत येऊन मी आईला सांगितलं की नस दबली आहे. पायऱ्या उतरताना तेवढंच सुचलं होतं आणि आता ते बदलता येत नाही. तुम्हीही तेच धरून चाला. संकेतला मी खरं सांगितलं आहे, त्याच्या आईला नाही.

यंत्र येईपर्यंत तिचं बोट बटण दाबू शकेल की नाही, मला ठाऊक नाही. तरी मागवाच. तिने मला पट्टी घेऊन स्टुलावर चढवलं, खुर्चीतून आकडे दोनदा तपासले, आणि माझ्या मापावर विश्वास नाही म्हणून मार्गारेटमावशीकडूनही दार मोजून घेतलं. कित्येक महिन्यांत ती इतकी खूश नव्हती. मापं मागच्या पानावर आहेत. चौकटीच्या वर लगेच झरोका आहे, पेटी कुठे बसवायची ते तुम्हीच सांगा.

मामींना नमस्कार. आमच्यावर लक्ष असू द्या, दुसरं कोण आहे आम्हाला.

तुमची,
ज्ञानदा


वसई,
१६ मे १९९९

।। श्री ।।

चि. जयवंत यास अ. उ. आ.

आजचं पत्र टाइप केलेलं आहे. मार्गारेटने टाइपरायटर कपाटावरून उतरवून दिला. पेन हातात टिकत नाही, पण उजव्या हाताचं एक बोट अजून ऐकतं. चुका दिसतील. तशाच राहू देते.

तुझं यंत्र आलं. पार्सल कामणच्या गोदामात धूळ खात पडलं होतं. ज्ञानदा आणि मार्गारेटचा दीर बॅप्टिस्ट टेम्पो करून जाऊन घेऊन आले. बॅप्टिस्ट सुतारकाम करतो, त्यानेच रविवारी चर्चमधून, मिसाहून आल्यावर बसवायला घेतलं. वर झरोका, त्यामुळे स्क्रूला धरायला लाकूडच नाही. म्हणून आधी त्याने आडवी फळी मारली आणि तिच्यावर पेटी. ज्ञानदा इंग्रजी पुस्तिका वाचून सांगत होती आणि दोघांचं डावं-उजवं यावरून वाजत होतं, कारण पुस्तिकेतलं दार बाहेर उघडतं आणि आपलं आत. दुपार झाली तेव्हा बटण माझ्या गळ्यात अडकवलं.

मी दाबलं. पेटी घुरघुरली, तिचा हात ताणला गेला, फळी कुरकुरली, पण दार जागचं हललं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आणखी एकदा दाबल्यावर फळीचे स्क्रू उपटले आणि पेटी एका बाजूला लोंबायला लागली. मग माझ्या लक्षात आलं की लॅच लागलेलंच आहे. तुझं यंत्र दार ओढतं रे बाबा, कडी काढत नाही. जे मला जमत नाही तेच त्यालाही जमत नाही.

मला हसू फुटलं, आणि ते थांबवता येईना. अलीकडे असं होतं, हसू किंवा रडू सुरू झालं की आपल्या हातात राहत नाही. बॅप्टिस्टही हसला. ज्ञानदा मात्र पुस्तिका छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

काहीतरी उपाय काढ. सालोमी म्हणून नायगावची एक बाई दिवसभर यायला तयार आहे, तिला पावसाळा संपेपर्यंत थांबवून ठेवलंय. तुझी आठवण रोज निघते.

तुझी,
यमुताई


मस्कत,
५ जून १९९९

ती. यमुताईस शि. सा. न. वि. वि.

इस्पितळाच्या दारांना कड्या नसतात, त्यामुळे माझ्या डोक्यात लॅच आलंच नाही. फळी उपटली ते वाचून तुझी वहिनी अजून हसते आहे.

आमच्या वर्कशॉपमधला एक जण वसईला सुटीवर येतोय, त्याच्याबरोबर विजेवर सुटणारी कडी पाठवली आहे. तिलाही सेलच आहेत. आत्ताच्या लॅचची जीभ चौकटीत ज्या खाचेत शिरते, त्या खाचेच्या जागी ही बसवायची. बटण दाबलं की आधी खाच सैल होईल, क्षणभराने पेटी दार ओढेल. बॅप्टिस्टना म्हणावं, फळीला या वेळी भिंतीत गज घालून पकडा.

दोन गोष्टी सांभाळा. पावसात दार फुगेल. वाटेत अडथळा लागला की पेटी हट्ट धरत नाही, दार सोडून देते. माणूस चेंगरू नये म्हणून तशी सोय असते. तेव्हा दार जिथे घासतं तिथे रंधा मारून घ्या. दुसरं म्हणजे, पेटीच्या पोटात एक बारीक स्क्रू आहे. तो डावीकडे फिरवला की दार जास्त वेळ उघडं राहतं. ज्ञानदाने आणलेल्या वॉकरवर कोपरं टेकून तू उंबरा ओलांडेपर्यंत ते थांबलं पाहिजे.

बागेत जाऊन बस, चर्चच्या पटांगणात जा, मार्गारेटबरोबर बाजारात जाऊन कोळणींशी भाव कर. दार उघडल्यावर काय काय केलंस ते मला सविस्तर हवं आहे. तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.

तुझा,
जयवंत


वसई,
१२ सप्टेंबर १९९९

ती. जयवंतमामा यांस शि. सा. न.

मध्यंतरी लिहिलं नाही याबद्दल रागावू नका. चांगलं आधी लिहिते.

कडी बसली. बॅप्टिस्टकाकांनी दार उतरवून खालून रंधा मारला, फळी गजाने पक्की केली. जुलैत एका रविवारी आईने बटण दाबलं. कडीचा आवाज आला आणि दार सावकाश आत आलं. बाहेर मार्गारेटमावशी सुरमईचं ताट घेऊन मुद्दाम थांबली होती. आईने तिला या म्हटलं, मग जा म्हटलं, दार लावून घेतलं आणि पुन्हा उघडलं. दिवसभर तिचा तोच खेळ चालला होता. दूधवाल्याला उघडलं, वरच्या मजल्यावरच्या पोरांना उघडलं, कुणीच नसताना उघडलं आणि अंगणाकडे बघत बसली. सालोमी यायला लागली. आईने संकेतच्या आईला मार्गारेटमावशीकडून पत्र लिहवून घेतलं, की माझी सोय झाली आहे, तुम्ही खुशाल मुहूर्त बघा.

आता बाकीचं. ऑगस्टपासून ती खुर्चीतून उठत नाही. वॉकर कोपऱ्यात आहे. अंगठ्यातला जोर गेला, मग मधल्या बोटाने दाबायची, मग बटण हनुवटी आणि छाती यांच्यात धरून. त्यातच मागच्या गुरुवारी सालोमीचं मूल आजारी म्हणून ती आली नाही, मार्गारेटमावशी वसई स्टेशनला गेलेली. आईने कसंबसं दार उघडलं आणि नेमके पेटीचे सेल उतरले. दार सताड उघडं राहिलं. पावसाची झड आत येत होती. एक भटकं कुत्रं आत आलं, तिच्या पायाशी ठेवलेला जेवणाचा डबा त्याने उलटा केला आणि तिथेच खात बसलं. तिला त्याला हाकलता येईना. आवाजही आता खोल गेल्यासारखा झालाय, दारापलीकडे पोचत नाही. जिन्यावरून माणसं गेली, उघडं दार बघून त्यांना वाटलं सगळं ठीक आहे. मावशी परतली तेव्हा आई भिजलेली होती आणि कुत्रं तिच्या पायावर डोकं ठेवून झोपलं होतं. मावशीला आई म्हणाली की बरं झालं, पाय तरी उबेत राहिले.

सेल बदलले आहेत. दुसरं एखादं बटण असतं का, जे बोटाशिवाय दाबता येईल? मला ठाऊक आहे मी काय विचारते आहे ते. तरी असेल तर पाठवा.

तुमचा आधार आहे म्हणून लिहिते.

तुमची,
ज्ञानदा


वसई,
१५ नोव्हेंबर १९९९

चि. जयवंत यास अ. उ. आ.

हे मार्गारेट लिहिते आहे, शब्द माझे आहेत. माझं बोलणं आता तिला आणि ज्ञानदालाच समजतं. ज्ञानदा ऑफिसात आहे. हे पत्र तिच्यासाठी नाही.

तू पाठवलेलं थाळीएवढं बटण मिळालं. ते कोपराखाली ठेवलं होतं, आठवडाभर चाललं. आता कोपरही उचलत नाही. डिसेंबरात येशील तेव्हा ते डोक्याशी लावणार आहेस असं ज्ञानदा सांगत होती. लाव. पण मी काय सांगते ते आधी ऐक.

मला काय झालंय ते मला ठाऊक आहे. मानेची नस दबली असती तर डॉक्टरांनी माझ्या मुलीला खोलीबाहेर नेलं नसतं. ती परत आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं, पदराला पाणी होतं. त्यापुढे विचारायला काही उरलंच नाही. तिला वाटतं मला माहीत नाही, आणि तेवढ्या जोरावर ती उभी आहे. तिचा तो टेकू काढू नकोस.

मला दार उघडायची हौस होती ती जुलैत फिटली. आता ते यंत्र मला माझ्यासाठी नको, ज्ञानदासाठी हवं. दार उघडतंय तोवर तिला म्हणता येईल की आईचं चाललंय. तू आलास की तिला समजाव, की यंत्र उत्तम आहे, सालोमी आहे, मार्गारेट आहे, तू नाशिकला जा. ती नाही म्हणेल. तू मोठ्या आवाजात सांग, लहानपणी तुला तेवढंच चांगलं जमायचं. माझं जे व्हायचं ते होईलच. ते बघायला तिने इथे असायलाच पाहिजे असं नाही.

लिहिणारीचा हात दुखायला लागला, म्हणून पुरे. ये लवकर.

यमुताई

ता. क. जयवंतभाऊ, सप्रेम जय ख्रिस्त. मी मार्गारेट. यमुताईंनी सांगितलं ते लिवलं. माझं एक मी लिवते. त्या घास गिळताना ठसकतात, पानी पन नीट जात नाय. ज्ञानदाला मी सगळं सांगत नाय. तुमी लवकर या. मी रोज रोझरी म्हनते.


मस्कत,
१५ जानेवारी २०००

ती. यमुताईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. विमानात शेजारचा माणूस सगळा वेळ घोरत होता, मला तुझ्या घरची आठवण येत होती, म्हणजे घोरण्यावरून नव्हे.

हे पत्र ज्ञानदा तुला वाचून दाखवेल, म्हणून दोघींना मिळून लिहितो. खुर्चीच्या पाठीला डोक्याशी लावलेलं बटण चांगलं काम देतंय ना? मान थोडी मागे नेली की पुरे, जोर लावायचा नाही. त्याची पट्टी सैल झाली तर बॅप्टिस्टना सांगा, मी त्यांना दाखवून ठेवलं आहे. दाराचा वेग मी कमी केला आहे, पाहुणा आत येईपर्यंत ते आदबीने उघडं राहील.

ज्ञानदा, तुझ्यावर मी आवाज चढवला तो तू मनावर घेतला नसशील. संकेत आणि त्याच्या आईला घरी बोलावायला तू हो म्हणालीस, हे ऐकून तुझ्या मामीने इथे देवापुढे साखर ठेवली. ते लोक आले की आधी ताईला भेटू दे. लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही.

ताई, तुझ्या खुर्चीशेजारी बसून खाल्लेल्या आंबोळ्या विसरलेलो नाही. पुढच्या सुटीत पुन्हा. तोपर्यंत माझी वाट बघत राहा, हा हट्ट समज.

तुझा,
जयवंत


वसई,
५ मार्च २०००

ती. जयवंतमामा यांस शि. सा. न.

ते येऊन गेले. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा आई समोर होती, म्हणून बरं झालं एवढंच म्हणाले.

आईची इच्छा होती की दार तिने उघडावं. तिने डोळ्यांनीच मला आणि सालोमीला आत स्वयंपाकघरात घालवलं. आता तिचं बोलणं मलाही कळत नाही, पण डोळे कळतात. सालोमीने तिला निळं पातळ नेसवलं होतं, केसांत अबोली माळली होती. बेल वाजली. मी पडद्याआडून बघत होते. तिने मान मागे नेली, पहिल्यांदा चुकली, मग बटणाला लागली. कडी सुटली आणि दार सावकाश उघडलं, कुठेही घासलं नाही, थांबलं नाही. ते यंत्र इतकं छान कधीच चाललं नव्हतं. दारात संकेत आणि त्याची आई, हातात नारळ आणि पेढे. समोर खुर्चीत आई, मान कलंडलेली, ओठाच्या कडेने लाळ, आणि आनंदाने फुटलेलं हसू, जे तिला आवरता येत नव्हतं.

संकेतच्या आई वाईट वागल्या नाहीत. आईचा हात हातात घेऊन बसल्या, चहा घेतला, घर छान ठेवलंय म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, की हे रक्तातून येतं का, म्हणजे पुढे तुला, तुझ्या मुलांना. जिला बोलता येत नाही तिला ऐकूही येत नसेल असं त्यांनी धरलं. मी म्हटलं की डॉक्टर म्हणतात सहसा येत नाही. सहसा म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत काही विचारायचं नव्हतं. मामा, तिला सगळं ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही. इतके दिवस आम्ही एकमेकींना मानेची नस सांगत होतो. ते गेल्यावर मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. हात फिरवता येत नाही म्हणून तिने तिचा श्वास माझ्या केसांवर सोडला.

संकेतचं पत्र आलं. आई तयार होत नाही, पण मी थांबतो, असं लिहिलंय. मी त्याला थांबू नकोस म्हणून कळवलं. थांबायचं म्हणजे कशासाठी थांबायचं, ते मला लिहिता आलं नसतं.

त्या दिवसापासून आईने बटणाला डोकं लावलेलं नाही. मान अजून थोडी हलते. पण लावत नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमची,
ज्ञानदा


मस्कत,
२ एप्रिल २०००

चि. ज्ञानदा हिस अ. आ.

दोन पत्रं लिहून फाडली. काय लिहावं कळत नाही, म्हणून दाराबद्दल लिहितो. पावसाआधी पेटीचे आणि कडीचे सेल बदलून घे. बिजागऱ्यांना तेल घाल. फळीच्या मागे ओल येते का बघ, आली तर बॅप्टिस्टना सांग.

तू नोकरी सोडायच्या विचारात आहेस असं मार्गारेटकडून कळलं. मी नको म्हणणार होतो. मग ताईला तुझ्याशिवाय कोण भरवणार, या विचाराशी येऊन थांबलो. मला सुटी मिळत नाही. मिळाली तर येऊन मी काय बसवणार, हेही सुचत नाही.

ताईच्या कानाशी सांग, की जयूला तेविसाचा पाढा अजून येतो.

तुझा,
जयवंतमामा


वसई,
८ ऑक्टोबर २०००

ती. जयवंतमामा यांस शि. सा. न.

आई आहे. पत्र उघडल्यावर तुम्ही आधी हेच शोधाल, म्हणून आधी हेच लिहिते.

नाकातल्या नळीने पेज आणि दूध जातं. श्वास वरवर चालतो. मान आता उशीवरच असते. डोळे मिटले म्हणजे हो, उघडे ठेवले म्हणजे नाही, एवढं आमचं बोलणं. मी जुलैत नोकरी सोडली. संकेतचं मे महिन्यात लग्न झालं, पत्रिका आली होती. मी आईला वाचून दाखवली, कारण तिच्यापासून काही लपवायचं नाही असं आता आमचं ठरलंय. मार्गारेटमावशी संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसते.

मी दिवसभर घरीच, त्यामुळे दार नुसतं लोटलेलं असतं. पेटी वर आहे. तुम्ही सांगितलंत तसे सेल बदलले, बिजागऱ्यांना तेलही घातलं. बटण कुणी दाबत नाही. तुम्ही आता आणखी काही पाठवू नका. पत्रं पाठवत राहा, ती ऐकताना तिचे डोळे वेगळे होतात.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगते. पलंग मी दारासमोरच लावला होता. येणारं-जाणारं माणूस दिसावं, अंगण दिसावं, म्हणून. पण दार जरा हललं की आई डोळे मिटून घ्यायला लागली. मी विचारत गेले. दुखतंय का. नाही. उजेड लागतोय का. नाही. वारा येतो का, माणसं नकोत का, दार बंद ठेवू का. नाही, नाही, नाही. मी दमून तिच्याजवळ बसले. मग विचारलं की पलंग फिरवू का, दाराकडे पाठ करून. तिने डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

बॅप्टिस्टकाका आले, आम्ही दोघांनी पलंग फिरवला. आता तिच्यासमोर भिंत आहे, आणि खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. कोण आलं ते तिला कळत नाही. म्हणून आत येणारं माणूस आधी पलंगाला वळसा घालतं, तिच्यासमोर उभं राहतं आणि आपलं नाव सांगतं. मीही तेच करते. खाली जाऊन दूध घेऊन आले तरी समोर जाऊन उभी राहते, आणि सांगते की आई, मी ज्ञानदा.

मामींना नमस्कार. आम्हा दोघींवर आहे तशीच माया राहू द्या.

तुमची,
ज्ञानदा